साने गुरुजी : हात आणि आसवे

साने गुरुजींचे नाव निघाले की महाराष्ट्राला दोनच गोष्टी आठवतात, आई आणि अश्रू. 'मातृहृदयी' हे विशेषण त्यांच्या नावाला इतके चिकटले आहे की माणूस बाजूला राहिला आणि विशेषणच उरले. शाळाशाळांतून 24 डिसेंबरला तसबिरीला हार घातला जातो, एखादा विद्यार्थी पाठ केलेले भाषण म्हणतो, एखाद्या बाई डोळे पुसतात आणि गुरुजी पुन्हा कपाटात जातात. 11 जूनला, म्हणजे पुण्यतिथीला, आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे उघडलेल्याच नसतात, त्यामुळे तो दिवस तर असाच निघून जातो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. आमच्या घरांत 'श्यामची आई' वाचत कोणी लहानाचे मोठे झालेले नाही. आमची लहानपणाची पुस्तके वेगळी, त्यांतली गाय वेगळी, अम्मी वेगळी. मौलवी इस्माईल मेरठी (1844-1917) यांच्या उर्दू वाचनमाला आणि गायीवरची त्यांची ती छोटी नज्म आमच्या वाडवडिलांपासून घराघरात पाठ आहे. मेरठी साहेबही पेशाने शिक्षकच. गुरुजी आम्हाला भेटले ते पुढे, शिक्षक व्हायचे ठरल्यावर, मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकताना आणि शिकवताना. या उशिराचा एक फायदा झाला. लहानपणी कोणी आम्हाला त्यांच्या पुस्तकावर रडायला शिकवले नव्हते, म्हणून त्यांची आसवे आम्हाला आधी दिसली नाहीत. आधी दिसले ते त्यांचे हात. हा लेख त्या हातांबद्दल आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे खोताचे, पण दिवस फिरलेले. वडील सदाशिवराव, आई यशोदा. ही आई 1917 साली वारली तेव्हा मुलगा शिक्षणासाठी घरापासून दूर होता. पुढे तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले आणि 1924 पासून 1930 पर्यंत खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिले. मिठाच्या सत्याग्रहात नोकरी सोडली. त्यानंतर तुरुंग, चळवळ, उपोषणे, भूमिगत जीवन, पुन्हा तुरुंग. 15 ऑगस्ट 1948 ला 'साधना' साप्ताहिक सुरू केले आणि 11 जून 1950 ला स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. एवढ्या अर्ध्या शतकात सत्तरच्या वर पुस्तके लिहिली. नोकरी म्हणून मास्तरकी केली ती फक्त सहा वर्षे, पण 'गुरुजी' हे नाव जन्मभर राहिले. या सहा वर्षांतच त्यांच्या लेखनाचे मूळ आहे असे आम्हाला वाटते.

अमळनेरला त्यांच्याकडे शाळेच्या छात्रालयाचे काम होते. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथे राहत. गुरुजींची सवय अशी की मुलांना 'खोली झाडा' असे सांगायचे नाही. मुले शाळेत गेली की स्वतः झाडून ठेवायचे. अस्ताव्यस्त पडलेले सामान जागेवर लावायचे, मळके कपडे दिसले तर धुऊन वाळत घालायचे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढायची. दोन-चार दिवसांनी मुलांना शरम वाटायची आणि ती आपण होऊन झाडू लागायची. बी.एड.च्या अभ्यासक्रमात शिस्तीवर एक अख्खे प्रकरण असते. त्यात ही पद्धत कुठे सापडत नाही, आणि खरे सांगायचे तर साठ मुलांच्या वर्गात ती चालवणे सोपेही नाही.

दुसरी सवय लिहिण्याची. छात्रालयातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. छापखाना नाही, वर्गणीदार नाही, वाचक म्हणजे त्याच इमारतीत राहणारी पोरे. जगातल्या घडामोडी, एखादी गोष्ट, एखाद्या थोर माणसाची ओळख, कोणाचे काय चुकले याची हळूच दिलेली आठवण. पुढे 'विद्यार्थी' मासिक निघाले. रोज उठून उद्याच्या वाचकासाठी लिहायचे आणि तो वाचक आपल्याला ताटावर समोर दिसणार, हा सराव लेखकाला काय देतो ते गुरुजींच्या वाक्यांत दिसते. वाक्ये लहान. एका वाक्यात एकच गोष्ट. मध्येच प्रश्न, मध्येच हाक. समोर बसलेल्या मुलाचे लक्ष उडाले की उस्ताद आवाज बदलतो, तसा बदल त्यांच्या परिच्छेदात येतो.

तिसरी सवय ऐकून लिहिण्याची. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आले ते या टिपण्यामुळे. स्वतः लेखक असलेला माणूस दुसऱ्याचे शब्द, आपले न मिसळता, आठवड्यामागून आठवडा उतरवून घेतो, याला एक प्रकारचा अदब लागतो. त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना त्यांनी तमीळमधल्या 'कुरल' ग्रंथाचा मराठी तर्जुमा केला. तुरुंग हे त्यांचे अभ्यासघरच होते म्हणायचे. 'श्यामची आई' लिहिली तीही नाशिकच्या तुरुंगात, 9 फेब्रुवारी 1933 ला सुरू करून 13 फेब्रुवारीला पुरी. पाच दिवस. दिवसा कैद्याला नेमून दिलेले काम आणि मग लेखन.

या पाच दिवसांचे कौतुक फार होते, पण त्यात टीकाकाराने पाहण्यासारखे काही आहे ते सुटते. इतक्या वेगाने लिहिलेले पुस्तक रचलेले नसते, सांगितलेले असते. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना आईची आठवण सांगतो, एका रात्री एक, अशा बेचाळीस रात्री. हा ढंग आपल्या दास्तानगोईला जवळचा आहे. दास्तान सांगणारा मागे वळून खोडत नाही. म्हणून या पुस्तकात जे गुण आहेत ते बोलण्याचे आहेत आणि जे दोष आहेत तेही बोलण्याचेच. एकच भाव तीनदा सांगणे, प्रसंग संपल्यावरही न थांबणे, उपमांची माळ लावणे हे दोष जागोजागी आहेत. प्रसंगाच्या शेवटी येणारी शिकवण पुष्कळदा नसती तर बरे झाले असते. वर्गात वाचताना आम्ही ती गाळतो. मुलांचे काही बिघडत नाही, गोष्ट पोचते.

आता हातांकडे येऊ. 'श्यामची आई'तून आसवे बाजूला काढून पाहिले तर खाली काय उरते? कामे उरतात. पत्रावळ लावणे, पोहायला शिकणे, मोळी उचलून देणे, कोट शिवून आणणे. जवळजवळ प्रत्येक आठवणीत कोणीतरी हाताने काहीतरी करते आहे किंवा करायचे टाळते आहे. श्यामला पत्रावळ लावता येत नाही आणि त्याचा घरात पाणउतारा होतो, तो प्रसंग घ्या. आम्ही राहतो ते आंधळगाव भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात. आमच्या भागात पळसाला तोटा नाही. पळसाच्या पानांना काड्या टोचून पत्रावळी लावणाऱ्या बाया आमच्या मुलांनी पाहिलेल्या आहेत. त्यामुळे हा पाठ वाचताना त्यांना शब्दार्थ सांगावा लागत नाही. उलट, 'इतके सोपे काम त्याला कसे येत नाही?' असे त्यांना वाटते. पोहण्याच्या प्रसंगाचे तसेच. श्याम पाण्याला भिऊन लपून बसतो आणि आई त्याला शिमटीने मारून विहिरीवर पाठवते, हे वाचून शहरातल्या मुलांना आईची दया येत असेल की श्यामची, ठाऊक नाही. तलावांच्या जिल्ह्यातली, बोडीत डुंबणारी आमची पोरे मात्र श्यामला हसतात. नंतर एखादी मुलगी विचारते, की मारल्यावर आई स्वतः का रडली? हा प्रश्न आला की पाठ झाला.

या आईला नुसती मायेची मूर्ती करून ठेवणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. ती मारते. ती मुलाला भित्रा म्हणवून घेऊ देत नाही. तिची माया शिस्तीतून जाते. आपल्या मोहल्ल्यांतल्या वालिदा याहून वेगळ्या नाहीत. त्या मुलाला मक्तबात पाठवताना हातात काठी घेतात आणि परत आला की त्याच हाताने खाऊ घालतात. 1953 साली आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला, त्यात वनमालाबाईंनी आई आणि माधव वझे यांनी श्याम केला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. चित्रपट उत्तमच आहे. पण पडद्यावर चेहरा मोठा होतो आणि काम करणारे हात चौकटीबाहेर जातात. मराठी मनात जी आई बसली आहे ती बरीचशी या पडद्यावरची आहे, असा आमचा संशय आहे.

कोटाचा प्रसंग आमच्या मुलांना सर्वांत आवडतो, कारण त्याचा जुळा भाऊ त्यांना आधीच ठाऊक असतो. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात पायी घरी येतो. उर्दू माध्यमाच्या मुलाला हे वाचताच हमीद आठवतो. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला, खिशात तीन पैसे असलेला हमीद. बाकीची पोरे खेळणी आणि मिठाई घेतात आणि हा आजीचे बोट तव्यावर भाजते म्हणून चिमटा घेतो. दोन्ही कथा गेल्या शतकाच्या तिसाव्या वर्षांनंतरच्या दशकातल्या. दोन्ही लेखक कधी ना कधी मास्तर होते. एक उर्दू-हिंदीत लिहिणारा बनारसकडचा, एक मराठीत लिहिणारा कोकणातला. गरिबीत वाढलेले मूल स्वतःसाठी काही घेत नाही, हे दोघांनाही दिसले.

फरकही तितकाच बोलका आहे. प्रेमचंद हमीदकडे प्रौढाच्या नजरेने पाहतात. तो चिमट्याची तरफदारी करून साऱ्या पोरांना गप्प करतो तेव्हा लेखकाच्या ओठांवर हसू आहे. त्यामुळे शेवटी आजी रडते ते रडणे एकदाच येते आणि काळजात उतरते. गुरुजी श्यामच्या बाहेर उभे राहू शकत नाहीत. श्याम तेच आहेत. हसायला लागते तेवढे अंतर त्यांच्याजवळ नाही. कलाकृती म्हणून तोलायचे तर 'ईदगाह'चे पारडे जड आहे, हे आम्ही मराठीचे शिक्षक असूनही म्हणतो. पण 'ईदगाह' वाचून कोणी मूल चिमटा आणायला गेल्याचे आम्ही पाहिले नाही. कोटाचा पाठ वाचून मात्र खाऊचे पैसे साठवणारी मुले पाहिली आहेत. गुरुजींची गोष्ट मुलाला पाहुणा म्हणून बसू देत नाही, कामाला लावते. अमळनेरच्या छात्रालयात झाडू घेऊन जे केले तेच ते कागदावर करतात.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात एक शंका असते, ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही. हे पुस्तक ब्राह्मण घरातले आहे. त्यात व्रते आहेत, देवपूजा आहे, सोवळे-ओवळे आहे. कोकणात दापोली-हर्णैच्या पट्ट्यात मुसलमानांची वस्ती जुनी आणि मोठी, पण श्यामच्या जगात ती फारशी दिसत नाही. मग आमच्या मुलांनी ते का वाचावे? आमचे उत्तर असे, की पुस्तकात काय आहे याबरोबर ते कुठे निघाले आहे हेही पाहावे. डोक्यावर मोळी चढवायला कोणी नाही म्हणून वाटेवर खोळंबलेल्या महार म्हातारीला मदत करायला आई श्यामला पाठवते. लोक काय म्हणतील याची पर्वा करू नको म्हणते. आणि घरी आल्यावर अंघोळ कर, असेही सांगते. ही अंघोळ आजच्या वाचकाला खटकते, खटकलीच पाहिजे. आईचे पाऊल तिथवरच पडले. लेखकाने ते झाकले नाही, आईला आपल्या मतांचे कपडे घातले नाहीत. आणि मग 1947 साली हाच मुलगा पंढरपूरला विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून 1 मे ते 10 मे असा दहा दिवस उपाशी राहिला, तेव्हा मंदिराचे दार उघडले. आईच्या अर्ध्या पावलापासून पंढरपुरापर्यंतचे अंतर मुलाने चालून दाखवले. वर्गात हे दोन्ही एकत्र सांगितले तर मुलांना पुस्तक परके वाटत नाही. जातीचा विटाळ आणि माणसामाणसांतली ऊच-नीच आपल्या समाजातही कोणत्या नावांनी नांदते हे त्यांना घरीच दिसत असते.

आता ज्या पुस्तकाचे नाव महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे त्याबद्दल. गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' नावाचे पुस्तक लिहिले आहे. ते त्यांच्या पश्चात साधना प्रकाशनाने छापले. नावावरून वाटते तसा तो संस्कृतीचा जाडजूड इतिहास नव्हे. ते हजरत मुहंमद (स.) यांचे चरित्र आहे, मराठीत, एका मराठी हिंदू शिक्षकाने लिहिलेली सीरत. धुळ्याच्या तुरुंगात त्यांच्यासोबत असलेल्या विनोबांनी पुढे अरबी शिकून 'कुराण-सार' तयार केले. त्या पिढीला शेजाऱ्याच्या घरात काय आहे हे स्वतः जाऊन पाहावेसे वाटत होते. गांधीजींच्या खुनानंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, त्या माणसाने हे पुस्तक लिहिले आहे हे लक्षात ठेवून ते वाचावे.

हे पुस्तक विद्वानाचे नाही. गुरुजी मुहद्दिस नव्हते, अरबीचे आलिम नव्हते, तसा त्यांचा दावाही नसावा. त्यांची मराठी संस्कृत वळणाची, त्यामुळे आपल्या कानाला ओळखीचे असलेले प्रसंग अनोळखी शब्दांत येतात आणि वाचताना थोडे अडखळायला होते. एखाद्या तपशिलावर आपल्या उलेमांचे वेगळे म्हणणे असू शकते. पण सीरत मुलांपुढे कशी मांडावी, हा आमच्यासारख्यांचा नेहमीचा प्रश्न, आणि त्याबाबत या पुस्तकाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जन्माआधीच वडिलांचे छत्र गेलेले, सहाव्या वर्षी आई आमिना यांचा वियोग, आठव्या वर्षी आजोबाही गेले, मग चुलते अबू तालिब यांनी सांभाळलेले एक मूल. ही कहाणी आपण मिलादच्या जलशांत इतक्यांदा ऐकतो की तिच्यातले मूल आपल्याला दिसेनासे होते, दिसतो तो फक्त मर्तबा. श्यामच्या लेखकाला मर्तब्याबरोबर ते मूलही दिसते. आणि पुढे मोठेपणी आपले फाटके कपडे स्वतः शिवणारे, जोडे दुरुस्त करणारे, घरकामात हात लावणारे रसूल आपल्या हदीसच्या किताबांत आहेतच. मुलांच्या खोल्या झाडणारा एक मास्तर या चरित्राकडे का ओढला गेला असेल, याची फार फोड करायला नको.

आपल्याकडे 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हापासून 'आमचे मराठी साहित्यातले स्थान काय' हा प्रश्न सतत विचारला जातो. विचारलाच पाहिजे. पण मराठीतला सर्वांत लाडका बालसाहित्यिक आपल्या पैगंबरांचे चरित्र लिहून ठेवतो आणि ते आपल्याच शाळांच्या कपाटांत सापडत नाही, याचा दोष इतरांना कसा देणार? उर्दू शाळेत मराठीचे पुस्तक म्हणजे पास होण्यापुरते पुस्तक. पस्तीस गुण मिळाले की ते रद्दीत जाते. गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या काळात आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्याची भाषा शिकावी, तिचे साहित्य आपल्या घरी आणावे. त्यात उर्दूही आहे. मराठी शाळांनी हमीदला बोलवावे ही अपेक्षा रास्तच आहे. पण श्यामला आपल्या वर्गात बसवणे हे आपले काम आहे, ते कोणी बाहेरून येऊन करणार नाही.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतली 'सुंदर पत्रे' हीही आमच्या उपयोगाची. 'साधना'तून पुतणी सुधाला लिहिलेली ही पत्रे. पाऊस, फुले, पक्षी, देशातले राजकारण, एखादे वाचलेले पुस्तक, सारे एकाच पत्रात. मुलगी लहान आहे म्हणून विषय लहान केलेला नाही. मराठीत पत्रलेखन शिकवताना 'सविनय विनंती'च्या अर्जांपेक्षा यांतले एक पत्र जास्त शिकवून जाते. ही पत्रे लिहिणारा माणूस त्याच काळात आतून किती खचत चालला होता हे त्यांत शोधू नये असे काहींना वाटते. आम्हाला वाटते वरच्या वर्गांतल्या मुलांना ते वयाला शोभेल अशा शब्दांत सांगावे. त्यांच्या मृत्यूबद्दल शाळेत जी गप्प राहण्याची रीत पडली आहे तिने गुरुजींना तसबीर करून टाकले.

कोणी शिक्षकबांधव विचारील, की उर्दूच्या मुलांना गुरुजींचे पहिले कोणते पुस्तक द्यावे? 'श्यामची आई' नको. ते दुसरे किंवा तिसरे असावे, मराठी जरा रुळल्यावर. पहिले 'मनूबाबा' द्यावे. जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेच्या 'सायलस मार्नर' या कादंबरीवरून गुरुजींनी ते मराठीत आणले, जसे व्हिक्टर ह्यूगोवरून 'दुःखी' आणले. पुस्तक लहान आहे आणि भाषा त्यामानाने सोपी. एक एकटा विणकर, ज्याच्यावर चोरीचा खोटा आळ आला म्हणून गाव सोडून आलेला. मागावर बसून रात्रंदिवस विणतो, मोहरा साठवतो, त्या चोरीला जातात, आणि सोन्याच्या जागी एक अनाथ पोर त्याच्या घरात येते. आंधळगाव हे कोशाच्या कापडाचे, हातमागाचे गाव. माग आता पूर्वीइतके राहिले नाहीत, तरी त्यांचा आवाज आमच्या मुलांच्या कानांत आहे. मनूबाबाचा माग त्यांना चित्र काढून दाखवावा लागत नाही. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांपुढे ते वाचत होतो, तर मोहरा चोरीला गेल्याच्या पानावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, उसने दूसरे दिन माग चलाया क्या?"

आम्ही पान उलटले आणि पुढे वाचू लागलो.